सर्व कामांच्या शिकारी रायफलला एकच स्कोप: निवड, बसवणूक आणि पारख

स्कोप, म्हणजे रायफलवर बसवायची नेमाची दुर्बीण, विकत घेताना बहुतेक जण आधी त्यातून बघतात. काउंटरवरून लांबची पाटी किती स्वच्छ वाचता येते, यावर निम्मा निर्णय होऊन जातो. रायफलवर चढल्यावर स्कोपला जे पहिलं काम करायचं असतं, ते मात्र या परीक्षेत येतच नाही. ते काम म्हणजे झिरो टिकवणं. झिरो म्हणजे ठरलेल्या अंतरावर नेमाची रेषा जिथे, तिथेच गोळी लागणं. गोळ्यांचे धक्के खाऊन, गाडीत हादरून, खडकाला घासून, गारठ्यातून उबेत येऊनही नेमाची रेषा जिथे बसवली तिथेच राहिली पाहिजे. काच थोडी डावी असेल तर फार तर शेवटची पाच मिनिटं वाया जातात. झिरो सरकला असेल तर लख्ख दिसणारं जनावर जखमी होऊन निघून जातं. शिकाऱ्याच्या हातून याहून वाईट काही होऊ शकत नाही, म्हणून माझा क्रम ठरलेला आहे: आधी भरवसा, मग डोळ्याला मिळणारी सोय, मग काच, आणि सगळ्यात शेवटी मोठे आकडे.

पहिली पायरी: रायफलचं काम कागदावर उतरवा

सर्व कामांची रायफल म्हणताना माझ्या डोळ्यासमोर .३०८, .३०-०६, .२७० किंवा ६.५ क्रीडमूर अशा काडतुसाची बोल्ट रायफल आहे, म्हणजे हाताने कडी मागेपुढे करून काडतूस चढवायची. तिच्यासाठी चार गोष्टी लिहून काढा. नेम जवळात जवळ किती अंतरावरून लागेल? लांबात लांब किती अंतरापर्यंत तुम्ही खरोखर सराव केला आहे? उजेड कसा असतो, भर दिवसाचा की झुंजूमुंजूचा आणि दिवेलागणीचा? रायफल दिवसभर खांद्यावर वागवायची आहे की एका जागी बसून राहायचं आहे? दुसऱ्या प्रश्नाला प्रामाणिक उत्तर द्या. ५०० यार्डांवर कधी गोळी झाडलीच नसेल, तर त्या अंतरासाठी स्कोप घेण्यात अर्थ नाही.

जिथे शिकार करणार तिथले नियमही याच वेळी बघून घ्या. उजळणारं रेटिकल (स्कोपमधल्या नेमाच्या रेषा), रात्रीची उपकरणं, अंतर मोजणारे स्कोप यांवर काही ठिकाणी बंधनं असतात.

दुसरी पायरी: खालचा आकडा आधी, वरचा नंतर

३-९×४० असं लिहिलेलं असतं, तेव्हा चित्र ३ ते ९ पट जवळ येतं आणि पुढच्या भिंगाचा व्यास ४० मिमी असतो. खरेदी करणाऱ्याची नजर ९ वर जाते. माझं म्हणणं आहे, ती ३ वर जायला हवी.

३ पटीवर अशा स्कोपमधून १०० यार्डांवर साधारण ३३ फूट रुंदीचा पट्टा दिसतो. २० यार्डांवर, म्हणजे झाडीतून रानडुक्कर एकाएकी निघतं त्या अंतरावर, हाच पट्टा साडेसहा फुटांचा होतो. जनावर सापडायला तेवढा पुरतो. ९ पटीवर १०० यार्डांवर जेमतेम १४ फूट उरतात, आणि २० यार्डांवर तीन फुटांपेक्षाही कमी. तेवढ्यात फक्त केस दिसतात. खांदा कुठला आणि पोट कुठलं हे कळत नाही. ज्याची सुरुवातच ४ किंवा ५ पटीने होते, तो स्कोप जवळच्या कामाला अडतो आणि वरच्या टोकाचे १६ किंवा २० पट तिथे मदतीला येत नाहीत.

वरच्या टोकाला ८ ते १० पट हरणाएवढ्या जनावरासाठी ३०० यार्डांपर्यंत पुरेसे आहेत. त्याहून जास्त पट घेतले की हाताचा थरथराट मोठा दिसतो, तापलेल्या जमिनीवरच्या हवेची लहर चित्र हलवते, दृश्य अरुंद होतं आणि अंधुक उजेडात चित्र काळवंडतं. वजनही वाढतं. ३-९×४० चा साधा स्कोप ३५० ते ४०० ग्रॅम भरतो, ५६ मिमी भिंगाचा सहज ६०० ग्रॅमच्या पुढे जातो.

म्हणून मी ३-९×४० किंवा २.५-१०×४२ सुचवेन. दाट झाडीत जास्त वावर असेल तर २-७×३३. लक्ष्याच्या सरावाची रायफल वेगळी असेल, तर ६×४२ चा स्थिर स्कोपही विचारात घ्या. पट बदलायची यंत्रणाच नसल्यामुळे त्यात बिघडण्यासारखं कमी असतं आणि तो संध्याकाळी आश्चर्य वाटेल इतका उजळ दिसतो. जवळच्या अंतरावर मात्र तो अरुंदच पडतो.

तिसरी पायरी: उजेडाचं गणित

पुढच्या भिंगाच्या व्यासाला पटीने भागलं की डोळ्याकडे येणाऱ्या प्रकाशाच्या चकतीचा व्यास मिळतो. याला एक्झिट प्युपिल म्हणतात. ४० भागिले ९ म्हणजे ४.४ मिमी, आणि तोच स्कोप ६ पटीवर आणला की ६.७ मिमी. तरुणाची बाहुली अंधारात साधारण ७ मिमी उघडते, वय वाढत जातं तशी ५ मिमीच्या आसपास येते. अंधारून आलं की पट कमी करा, चित्र उजळतं. चाळिशी-पन्नाशी ओलांडलेल्या शिकाऱ्याला ५६ मिमीच्या भिंगातून ८ पटीवर मिळणारी ७ मिमीची चकती पूर्ण वापरताच येत नाही. मोठं भिंग स्कोपला रायफलच्या नळीपासून उंच बसवायला लावतं आणि गाल दस्त्यावरून उचलावा लागतो. मचाणावर बसून शेवटच्या उजेडाची वाट बघणाऱ्यांसाठी ते ठीक आहे. चालणाऱ्यासाठी नाही.

काचेवरच्या लेपाला मात्र खरंच किंमत आहे. लेप नसलेल्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून सुमारे ४ टक्के प्रकाश परत फिरतो. आठ भिंगांचे सोळा पृष्ठभाग धरले तर शेवटी निम्म्याच्या आसपास प्रकाश उरतो. तोटा अर्ध्या टक्क्यावर आणला की तोच आकडा ९२ टक्क्यांपर्यंत जातो. झाइसमधले अलेक्झांडर स्माकुला यांनी १९३५ साली परावर्तन कमी करणारा लेप काढला, त्याचा फायदा आज साध्या स्कोपलाही मिळतो. वर्णनात ‘फुली मल्टिकोटेड’ असं लिहिलेलं हवं, म्हणजे हवेला लागणाऱ्या प्रत्येक पृष्ठभागावर अनेक थर आहेत. नुसतं ‘कोटेड’ म्हणजे एखाद्या भिंगावर एक थर असला तरी चालतं.

३० मिमी जाडीची स्कोपची नळी २५.४ मिमीच्या नळीपेक्षा जास्त प्रकाश आणते, हा समज चुकीचा आहे. जाड नळीत आतल्या भागाला सरकायला जागा जास्त मिळते, एवढंच.

काच दुकानात बघायचीच असेल तर दिव्याखालच्या पाटीकडे बघू नका. संध्याकाळी बाहेर या, सावलीतल्या झुडपाकडे बघा, मावळत्या सूर्याच्या थोडं बाजूला धरा. चित्रावर दुधट पडदा येतो का, कडेची पानं विरघळतात का, हे तिथे कळतं.

चौथी पायरी: डोळा, कपाळ आणि धक्का

डोळा मागच्या भिंगापासून किती अंतरावर असताना पूर्ण चित्र दिसतं, त्या अंतराला आय रिलीफ म्हणतात. .३०-०६ सारख्या रायफलला ९० मिमी, म्हणजे साडेतीन इंच, ही मी किमान मर्यादा धरतो. मॅग्नम, म्हणजे जास्त जोराच्या, काडतुसाला १०० मिमी असेल तर बरं. आडवं पडून किंवा चढावर वर नेम धरताना डोकं नकळत पुढे जातं, आणि तिथेच भुवई फुटते. काही स्कोपमध्ये पट वाढवले की हे अंतर घटतं, म्हणून दोन्ही टोकांचे आकडे बघा.

एक्झिट प्युपिलइतकंच महत्त्व डोळा थोडा इकडेतिकडे झाला तरी चित्र टिकण्याला आहे. हे आकड्यांत सापडत नाही. ९ पटीवर लावून स्कोप झटकन डोळ्याशी न्या. चारपैकी दोन वेळा काळी सावली दिसत असेल तर तो स्कोप नको.

पाचवी पायरी: रेटिकल आणि टरेट

साध्या शिकारीसाठी कडेला जाड आणि मध्यात बारीक रेषांचं डुप्लेक्स रेटिकल अजूनही उत्तम आहे. ल्यूपोल्डने १९६२ मध्ये ते आणलं. जाड रेषा अंधुक उजेडात डोळ्याला मध्याकडे नेतात, बारीक रेषा लक्ष्य झाकत नाहीत.

स्कोपच्या आत चित्र दोन ठिकाणी तयार होतं, त्यांना फोकल प्लेन म्हणतात: पहिलं पुढच्या भिंगाकडे, दुसरं डोळ्याकडे. रेटिकल दुसऱ्या फोकल प्लेनमध्ये असेल तर पट बदलले तरी त्याची जाडी डोळ्याला तेवढीच दिसते. पहिल्या प्लेनमध्ये असेल तर ते चित्राबरोबर लहान-मोठं होतं. २ ते १० पटीच्या शिकारी स्कोपला दुसऱ्या प्लेनमधलं रेटिकल जास्त सोयीचं, कारण कमी पटीवर, झाडीत, रेषा ठळक राहतात. अट एकच: त्यात लांबच्या अंतरांसाठी मध्याखाली खुणा असतील तर त्या एका ठरावीक पटीवरच बरोबर असतात, बहुधा सगळ्यात वरच्या. १० वर जुळणाऱ्या खुणा ५ पटीवर लक्ष्यावर दुप्पट माप धरतात. घाईत हे विसरलं की गोळी जनावरावरून जाते.

पण या खुणांची गरज वाटते तितकी पडत नाही. .३०-०६ मधून १८० ग्रेन (गोळीच्या वजनाचं माप) वजनाची गोळी सेकंदाला २७०० फुटांच्या आसपास सुटते. २०० यार्डांवर झिरो केला तर ती १०० यार्डांवर सुमारे दोन इंच वर लागते, २५० वर चारएक इंच खाली आणि ३०० वर आठ-नऊ इंच खाली. मध्यम आकाराच्या हरणाचं काळीज-फुप्फुसाचं क्षेत्र आठ ते दहा इंचांचं असतं. म्हणजे २५० यार्डांपर्यंत मधोमध नेम धरा, कसलाही हिशेब नको.

उजळणारा मधला ठिपका घ्यायचा तर त्याची सगळ्यात मंद पायरी तपासा. अंधारात डोळा दिपवणारा ठिपका नसलेलाच बरा. बॅटरी संपली तरी काळी रेषा दिसायलाच हवी.

टरेट म्हणजे नेम वर-खाली किंवा डावी-उजवीकडे सरकवायची फिरकी, आणि तिचा एक टप्पा म्हणजे क्लिक. टरेटचं एकक आणि रेटिकलचं एकक सारखं ठेवा. एमओए आणि मिल ही दोन्ही कोनाची मापं आहेत. एक एमओए म्हणजे १०० यार्डांवर १.०४७ इंच, पाव एमओएचा एक क्लिक म्हणजे जवळपास पाव इंच. मिलमध्ये ०.१ चा एक क्लिक १०० मीटरवर बरोबर १ सेंमी सरकवतो. दोन्ही चांगले, रेटिकल मिलमध्ये आणि टरेट एमओएमध्ये ही जोडी मात्र टाळा. रानात टोपण असलेले टरेट हवेत. उघडा टरेट पिशवीला घासून फिरतो आणि पत्ता लागत नाही. उघडाच घ्यायचा असेल तर कुलूप होणारा घ्या.

पॅरॅलॅक्सची, म्हणजे डोळा बाजूला झाला की रेटिकल लक्ष्यावरून सरकल्यासारखं दिसण्याची, चिंता सर्व कामांच्या रायफलला फारशी नको. बहुतेक शिकारी स्कोप १०० किंवा १५० यार्डांवर कारखान्यातच बसवलेले असतात. ४० मिमीचा स्कोप १०० यार्डांना बसवला असेल आणि लक्ष्य २०० वर असेल, तर डोळा अगदी कडेला जाऊनही चूक जास्तीत जास्त २ सेंमीची. १२ पटीच्या वर गेलात तरच बाजूचं समायोजन उपयोगी पडतं.

सहावी पायरी: भरवसा ओळखायचा कसा

बाहेरून तो दिसत नाही, म्हणून आत काय असतं ते समजून घ्या. मुख्य नळीच्या आत एक लहान नळी असते. टरेटचा स्क्रू तिला एका बाजूने ढकलतो, समोरून स्प्रिंग दाबून धरते. झिरो म्हणजे या दोघांमधला तोल. स्प्रिंग कमजोर असेल, बिजागरात ढिलाई असेल किंवा भिंगं नीट धरलेली नसतील, तर प्रत्येक धक्क्याला आतली नळी केसभर वेगळ्या जागी बसते. बसवताना आतली नळी एका टोकाला न्यावी लागली तरी स्प्रिंगचा जोर बदलतो आणि चांगला स्कोपही डळमळतो. टरेट त्याच्या पल्ल्याच्या मध्याजवळ असताना झिरो मिळाला, तर बेस (रायफलवर बसवायचा आधार) आणि रिंगा (स्कोप धरणाऱ्या कड्या) सरळ आहेत असं समजा.

धुकं धरू नये म्हणून आत कोरडा नायट्रोजन किंवा आर्गॉन भरतात. ल्यूपोल्डने १९४७ साली नायट्रोजन भरलेला स्कोप आणला. आज ही गोष्ट कोणत्याही गंभीर स्कोपमध्ये असलीच पाहिजे.

आजन्म वॉरंटीवर मी निवड करत नाही. वॉरंटी तुटलेला स्कोप बदलून देते. शिकारीच्या सकाळी झिरो सरकला तर ती उपयोगाची नाही. ज्यांनी एकच स्कोप अनेक हंगाम, अनेक गोळ्यांपर्यंत न छेडता वापरला, त्यांना विचारा. प्रश्न ‘कसं दिसतं’ असा नको. ‘हंगामाच्या सुरुवातीला किती क्लिक फिरवावे लागतात?’ असा विचारा. एसडब्ल्यूएफए एसएस ३-९×४२ किंवा नाइटफोर्सचे २.५-१०×४२ यांचं नाव झालं ते असल्याच गोष्टींमुळे. दोन्ही वजनाला जड आहेत, आणि हा सौदा मला मान्य आहे.

सातवी पायरी: बसवणं, जिथे निम्मे झिरो बिघडतात

‘स्कोप खराब निघाला’ अशी तक्रार येते तेव्हा मी आधी स्क्रू बघतो. महागडा स्कोप हलक्या रिंगांत बसवणं म्हणजे पक्का दरवाजा कुजक्या चौकटीत लावणं. पैसे कमी पडत असतील तर स्कोप एक पायरी खालचा घ्या, रिंगा आणि बेस नाही.

रायफल रिकामी आहे हे डोळ्याने आणि बोटाने तपासा, बोल्ट काढून बाजूला ठेवा. मग:

१. बेसची भोकं, स्क्रू आणि रिंगांची आतली बाजू स्पिरिटने पुसून तेल पूर्ण काढा. बेसच्या स्क्रूंना सुटणाऱ्या प्रकारचं थ्रेडलॉकर (स्क्रू ढिला होऊ न देणारा चिकट द्रव) थेंबभर लावा. रिंगांच्या वरच्या स्क्रूंना ते लावू नका, त्याने घर्षण बदलून प्रमाणापेक्षा जास्त आवळलं जातं.

२. पुढचं भिंग रायफलच्या नळीला आणि मागचं टोक बोल्टच्या मुठीला लागणार नाही इतपत, पण शक्य तितकं खाली येईल अशी रिंगांची उंची निवडा.

३. मागच्या भिंगाचा फोकस लावा. मोकळ्या आकाशाकडे बघून, क्षणभर डोळा लावून काढा. टक लावलं की डोळा स्वतःच जुळवून घेतो. रेषा पहिल्याच क्षणी रेखीव दिसली पाहिजे.

४. सगळ्यात जास्त पटीवर ठेवा, शिकारीचे कपडे घाला, डोळे मिटून रायफल खांद्याला लावा आणि उघडा. पूर्ण चित्र दिसेपर्यंत स्कोप पुढेमागे सरकवा. हे उभं राहून, बसून आणि पालथं पडूनही करा. मधली जागा निवडताना कल पुढच्या बाजूला ठेवा.

५. रायफल लेव्हलमध्ये धरा, लांबच्या ओळंब्याच्या दोरीशी उभी रेषा जुळवा आणि स्क्रू आलटून पालटून थोडे थोडे आवळा. रिंगांसाठी १५ ते १८ इंच-पाउंड हा नेहमीचा आकडा आहे, पण रिंग बनवणाऱ्याने वेगळा दिला असेल तर तोच पाळा. टॉर्कचा, म्हणजे आवळण्याचा जोर मोजणारा, पाना वापरा. हाताच्या अंदाजाने स्कोपची नळी चेमटते.

शेवटी रिंग आणि नळी यांच्या सांध्यावर नेलपॉलिशची बारीक रेघ ओढा. स्कोप सरकला तर ती तुटलेली दिसेल.

आठवी पायरी: झिरो आणि परीक्षा

बोल्ट काढलेल्या रायफलच्या नळीतून २५ यार्डांवरच्या लक्ष्याकडे बघा, रेटिकल तिथे आणा. मग २५ यार्डांवरच पहिली गोळी. इथे पाव एमओएचा क्लिक फक्त १/१६ इंच सरकवतो, म्हणजे एका इंचाला १६ क्लिक. मग १०० यार्डांवर या. तिथे इंचाला चार क्लिक. तीन गोळ्यांच्या गटावर विश्वास ठेवू नका, पाच झाडा, नळी थंड होऊ द्या. शेवटचा झिरो २०० यार्डांवर प्रत्यक्ष झाडून पक्का करा.

त्यानंतर स्कोपची परीक्षा घ्या. गट झाडा, २० क्लिक वर, २० उजवीकडे, २० खाली, २० डावीकडे असं करत प्रत्येक कोपऱ्यात गोळ्या झाडा. शेवटचा गट पहिल्यावर बसला पाहिजे. मग ३ पटीवर एक गट, ९ पटीवर एक गट. मध्यबिंदू वेगळे दिसले तर पट बदलताना झिरो हलतो आहे. क्लिकची मापं तपासायला १०० यार्डांवर उंच कागद लावा, ओळंब्याने उभी रेघ मारा आणि २० एमओए वर चढवा. गट २०.९ इंच वर, आणि रेघेवरच, यायला हवा. इंचभराचा फरक शिकारीत चालतो, वाकडं जाणं म्हणजे रेटिकल तिरकं बसलं आहे.

सगळ्यात उपयोगी परीक्षा सगळ्यात साधी आहे. झिरो केलेली रिकामी रायफल खोळीत घालून दोन-तीन आठवडे खडबडीत रस्त्यांवर गाडीतून फिरवा, मग थंड नळीने पाच गोळ्या झाडा. मोठ्या हंगामाआधी ही परीक्षा न दिलेला स्कोप मी रानात नेणार नाही.

वापरताना

चालताना स्कोप नेहमी सगळ्यात कमी पटीवर ठेवा. लांबच्या जनावरासाठी पट वाढवायला बहुधा वेळ मिळतो, जवळच्यासाठी कमी करायला मिळत नाही. हालचाल दिसली की शोध हातातल्या दुर्बिणीने घ्या, स्कोपने कधीच नाही. स्कोपमधून बघणं म्हणजे तिकडे रायफल रोखणं, आणि तिकडे माणूस असू शकतो.

भिंगावरची धूळ आधी फुंकणीने, मग मऊ कुंचल्याने उडवा, फडकं शेवटी. गारठ्यातून आल्यावर रायफल खोळीतच हळूहळू गरम होऊ द्या.

झिरोच्या तपासणीत गट दोन इंच सरकलेला दिसला तर लगेच क्लिक फिरवून जुळवून घेऊ नका. आधी नेलपॉलिशची रेघ बघा. मग रिंगांचे आणि बेसचे स्क्रू, मग दस्ता धरणारे स्क्रू, मग काडतुसांचा लॉट बदलला आहे का ते. हे सगळं ठीक असेल तर दुसऱ्या रायफलवरचा खात्रीचा स्कोप याच रिंगांवर चढवून, त्याचा झिरो करून, तीच काडतुसं वापरून दोन वेगवेगळ्या दिवशी गट झाडा. दोन्ही दिवशी ते एकाच जागी पडले, तर दोष आधीच्या स्कोपचा. तो दुरुस्तीला पाठवा आणि परत आल्यावर आठवी पायरी पुन्हा पहिल्यापासून करा.